कार्बोरेटर मी खोलला होता

फेब्रुवारी लागला की मला राग यायला लागतो. वाईहून पसरणीचा घाट चढताना कडेला स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडलेल्या असतात, ऊन अजून अंगाला लागत नसतं, खाली धोमचं पाणी निळंशार पसरलेलं असतं. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात, माणसं फोटो काढतात. आणि मी हेल्मेटच्या आत दातओठ खात चाललेली असते. त्या वासाचंच काहीतरी आहे. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास आणि हाताला लागलेल्या पेट्रोलचा वास माझ्या डोक्यात एकमेकांत असे मिसळलेत की एक आला की दुसरा येतोच, आणि मागोमाग ते वाक्य येतं. "तुम्ही खोलला होता ना?"

हो. खोलला होता. कार्बोरेटर मी खोलला होता. हे मी कधीच लपवलं नाही, आणि तिथंच चुकलं.

मी पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माहेर-सासर दोन्ही आष्ट्याकडचं, उसातलं. नवरा फौजेत, त्यामुळं वर्षातले दहा महिने मी वाईत भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी. मोटारसायकल त्याची. लग्नाआधी त्यानं हौसेनं घेतलेली, तेव्हाच जुनी. तो असताना मी मागं बसायची, तो नसताना चालवायला शिकले. परीक्षेच्या दिवसांत मला साडेसातला प्रयोगशाळा उघडावी लागते आणि त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही. म्हणून गाडी. आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही.

त्या वर्षी पावसाळाभर गाडी जिन्याखाली उभी राहिली. दिवाळीनंतर चालू करायला गेले तर किक मारून मारून पोटरी भरून आली. वाईतल्या मिस्त्रींनी येऊन वास घेतला आणि म्हणाले, "कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाळून डिंक झालाय मॅडम. आठ दिवस ठेवा माझ्याकडं." आठ दिवस! मी रोज मुलांना सूक्ष्ममापी धरायला शिकवते, मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायला शिकवते. मला हे जमणार नाही? बाजारातून दुरुस्तीच्या सामानाचं पाकीट आणलं, गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि रविवारी सकाळी बसले.

ती सकाळ अजून आठवते. सुटे भाग हरवू नयेत म्हणून मी ते जेवायच्या ताटात मांडले होते, काढले त्या क्रमानं. पितळेचे जेट, एवढुसे, कानातल्याच्या फिरकीएवढे. एक उन्हात धरला तर आरपार उजेड दिसला पाहिजे तिथं नुसतं पिवळं. त्या केसाएवढ्या भोकातून सगळ्या गाडीचा श्वास चालतो हे मला तोवर माहीत नव्हतं. जुन्या टूथब्रशनं घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं आणि अचानक त्यातून आभाळाचा एक ठिपका दिसला. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला फोन लावला. तो लागला नाही. मग शेजारच्या काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण हात काय केलेस बघ."

चुका केल्या. दोन केल्या. पहिली म्हणजे आतला फ्लोट. पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करतो, तसंच हे. त्याची सुई मी नीट बसवली नाही, त्यामुळं पेट्रोल थांबेना, खालच्या नळीतून ठिबकत राहिलं. पुन्हा खोललं, बसवलं. दुसरी चूक इंजिनाच्या जोडावरची. तिथलं रबरी कडं ताटातच राहून गेलं होतं. गाडी चालू झाली ती आपोआप किंचाळायलाच लागली. जोडावर पाणी शिंपडल्यावर आवाज बदलला, तेव्हा कळलं की तिथून हवा आत खेचली जातेय. कडं घातलं आणि आवाज शांत झाला. दोन चुका, दोन्ही माझ्या, दोन्ही मीच शोधल्या, मीच दुरुस्त केल्या. पुढं सव्वा महिना गाडी एका किकमध्ये चालू व्हायची. त्या सव्वा महिन्याबद्दल मात्र कुणीच कधी विचारत नाही.

मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. कौतुकानं, चुकांसकट, हसत हसत. शाळेत, घरी, पेट्रोलपंपावर. किती वेडी होते मी!

संक्रांतीला माझे धाकटे दीर आष्ट्याहून गूळ आणि बाजरीचं पीठ घेऊन आले. घरची गुऱ्हाळाची काकवी होती, वांगी होती. भावजी म्हणजे घरातले तज्ज्ञ. ट्रॅक्टर असो, बोअरची मोटर असो, की कुणाचं लग्न असो, त्यांना त्यातलं कळतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टाकीच्या झाकणाला हात लावून म्हणाले, "वैनी, ह्याचं कुलूप लय ढिलं झालंय. कुनीबी पेट्रोल काडून न्हील." तासाभरात बाजारातून नवं चकचकीत झाकण आणून बसवलं. मी चहा केला. आभार मानले.

चार दिवसांनी गाडी घाटात बंद पडली.

बंद पडायची तिची रीत ठरलेली होती. वाईतून निघताना काही नाही. घाटाची पहिली वळणं मजेत. मग माथ्याजवळ आल्यावर ती खोकायला लागायची, एखाददुसरा आचका द्यायची आणि मान टाकायची. दहा मिनिटं उभी राहिले की पुन्हा चालू. संध्याकाळी घाट उतरताना काहीच नाही. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं, कारण माझं कामच ते आहे. कुठं बंद पडली, किती वेळानं, टाकीत पेट्रोल किती. आणि त्यातून एक विचित्र गोष्ट दिसली. टाकी भरलेली असली की ती लवकर बंद पडायची. पेट्रोल कमी असलं की उशिरा.

हे मी मिस्त्रींना सांगायला गेले.

"मिस्त्री, टाकी फुल असली ना, की..."

"तुम्ही खोलला होता ना कार्बोरेटर?"

"हो, पण त्यानंतर सव्वा महिना..."

"मग तितंच घोळ हाय. एकदा हात लागला की लागला."

त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, "पेट्रोल तर हाय की," म्हणाले, झाकण लावलं, किक मारली. गाडी चालू. आजूबाजूची चार माणसं हसली. "काय झालंय मॅडम हिला?"

भावजींना फोन केला. "वैनी, फुल टाकीत लौकर बंद पडती म्हंता? उलटंच सांगताय की. आवं, तुमाला कुनी सांगितलं हुतं खोलायला? आता तो कार्बोरेटर बदला." नवऱ्याला फोन लागला तर तोही दोन हजार किलोमीटरवरून म्हणाला, "अगं, तू काहीतरी उलटसुलट बसवलं असणार." शेजारच्या काकू, शाळेचा शिपाई, घाटात थांबून मदत करणारा टेम्पोवाला, सगळ्यांचं तेच. टेम्पोवाल्यानं तर मिस्त्रींसारखंच केलं. झाकण उघडलं, पेट्रोल आहे म्हणाला, लावलं, किक मारली, चालू. "घरी खोलली होती का?" त्यानं विचारलं. मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले.

माझा राग त्यांच्या अज्ञानावर नाही. मलाही कुठं कळत होतं? राग आहे तो ऐकणं बंद होण्यावर. माणसानं एकदा कबूल केलं की हो, मी हात लावला होता, की समोरच्याच्या डोळ्यांत एक झडप पडते. मला ती दिसायची. पुढं तुम्ही काहीही सांगा, तोंड हलतंय एवढंच त्याला दिसतं. ज्यानं कधीच काही उघडलं नाही, त्याची गाडी बिघडली तर ती गाडीची चूक. ज्यानं उघडलं, त्याच्या गाडीचं पुढच्या जन्मापर्यंत जे होईल ते त्याच्या हातानं. आणि बाईचा हात असेल तर विचारायलाच नको. सगळ्यांत वाईट म्हणजे हे ऐकून ऐकून मलाही ते पटलं. तीन वेळा मी तो कार्बोरेटर पुन्हा खोलला. प्रत्येक वेळी सगळं जागच्या जागी. प्रत्येक वेळी मला वाटायचं की मला दिसत नाही, पण चूक इथंच आहे.

मग प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली. तीन दिवस, रोज दोन तुकड्या. बाहेरचे परीक्षक विश्रामबागेतल्या एका कॉलेजातून आलेले, सांगलीचे, मितभाषी गृहस्थ. पहिल्या दिवशी मी आदल्या संध्याकाळीच टाकी भरून ठेवली, काही अडचण नको म्हणून. गाडी नेहमीपेक्षा दोन वळणं आधीच बंद पडली. शाळेत पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते, मुलं दारात उभी, प्राचार्य कुलपापाशी. दुपारी हातात कागद मिळाला, उशिराबद्दल खुलासा द्या म्हणून. मला त्या वर्षी कायम करायचं चाललं होतं. कागद देताना प्राचार्य म्हणाले, "गाडी तुम्हीच घरी खोलली होती म्हणे?"

त्या सकाळी रोजच्यासारखी एकेक उपकरण तपासायला वेळच मिळाला नाही. मांडलं आणि मुलांना आत सोडलं.

प्राजक्ता नावाची एक मुलगी होती. जतकडची. वडील पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडं डाळिंब लावलंय. वसतिगृहात राहून शिकणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तिला मीटर ब्रिजचा प्रयोग आला होता. तारेवर कळ सरकवत न्यायची आणि गॅल्व्हानोमीटरची सुई जिथं मधोमध थांबेल ती जागा शोधायची, एवढंच. तिनं हात वर केला.

"ताई, सुई एकाच बाजूला जातेय."

सुई एकाच बाजूला जाते तेव्हा जोडणी चुकलेली असते. हे मी वर्षानुवर्षं बघतेय. "तारा सोडून परत जोडल्यास का?"

"हो, एकदा जोडल्या परत. पण ताई, आधीपासूनच ती डावीकडं अडकतेय. वरून टिचकी मारली की..."

"तू सोडल्यास ना तारा? मग तिथंच चुकलंय. नीट बघ."

"दुसरा मीटर देता का?"

"आधी तुझी जोडणी बघ."

मी वळलेसुद्धा. मला तिचा चेहरा आठवत नाही, कारण मी बघितलाच नाही. तिला शेवटपर्यंत वाचन मिळालं नाही. कोरा तक्ता देऊन ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाऊण तास आधी निघाले. तरी माथ्याखालच्या वळणावर गाडीनं मान टाकलीच. समोर तानूमावशींचं टपरीवजा दुकान, मागं त्यांचं दहा-बारा वाफ्यांचं स्ट्रॉबेरीचं रान. त्यांनी मला तिथं चार-पाच वेळा उभं राहिलेलं बघितलं होतं. त्या दिवशी हाक मारली.

"आगं बाई, रोज हितंच कशी बंद पडती तुजी गाडी?"

"मी कार्बोरेटर खोलला होता," मी म्हणाले. आता मीच ते आधी सांगायला लागले होते.

"आसंल. बस हितं. काय हुतंय ते पयल्यापास्नं सांग."

मी सांगितलं. त्या पेट्यांत कागद अंथरत होत्या, त्यात एकेक स्ट्रॉबेरी देठ वर करून ठेवत होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. टाकी फुल असली की लवकर बंद पडते, हे सांगितल्यावर त्यांचा हात थांबला.

"आन जरा दम खाल्ला की चालू?"

"हो."

"आन झाकान उगडून बघितलं की लगीच?"

मी आठवून बघितलं. मिस्त्री. टेम्पोवाला. दोघांनी झाकण उघडलं होतं.

"आवं, ही तर माज्या पंपाची खोड," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या पाठीवरच्या फवारणी पंपाकडं बोट दाखवलं. "त्येच्या झाकनाला बारीक भोक आसतंय. त्ये बुजलं की आत वारं जात न्हाई, मग औशिद भाईर येत न्हाई. भरल्याला आसला की लगीच आडतो, अर्धा आसला की जरा दमानं. जा, झाकान उगड, आन कान लावून उगड."

मी गाडीजवळ गेले, किल्ली फिरवली, कान टाकीला लावला. सूंऽऽ करून हवा आत शिरली. कितीतरी वेळ कोंडून ठेवलेल्या माणसानं श्वास घ्यावा तशी.

भावजींनी बसवलेल्या त्या चकचकीत झाकणाच्या आत जाड रबर होतं. हवेसाठी झाकणाला भोक होतं, पण रबराला नव्हतंच. मावशींनी दाभण दिलं. तिथंच कठड्यावर बसून मी रबराला भोक पाडलं, फुंकून बघितलं, लावलं. गाडी त्यानंतर आजतागायत त्या वळणावर थांबलेली नाही. मी थांबते, मावशींसाठी.

मी घाटातूनच भावजींना फोन केला. सगळं सांगितलं.

"व्हय का? आसंल बी," ते म्हणाले. "पर वैनी, तुमी कार्बोरेटर खोललाच नसता, तर मी आधी झाकानच बघितलं आसतं का न्हाई?"

मी फोन बंद केला. माथ्यावर गार वारा होता आणि माझे कान तापलेले. काय करायचं अशा माणसाचं? झाकण त्यांनी बसवलं, महिनाभर रस्त्यावर मी उभी राहिले, आणि तरीही शेवटी चूक माझीच! मी मोठमोठ्यानं बोलत चालले होते, हेल्मेटमध्ये, एकटीच. हात लागला की लागला म्हणे. खोललं म्हणजे तिथंच चुकलं म्हणे.

तिथंच चुकलंय. नीट बघ.

मी गाडी कडेला घेतली. हे शब्द भावजींचे नव्हते, मिस्त्रींचेही नव्हते.

शाळेत पोचल्यावर मी कुणाशी न बोलता कालचा तो गॅल्व्हानोमीटर काढला. स्वतःच्या हातानं साधी जोडणी केली. सुई डावीकडं गेली आणि तिथंच बसली. वरून टिचकी मारली, सुटली. पुन्हा गेली, पुन्हा बसली. त्या पोरीनं सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

फिजिक्सच्या सरांना सांगितलं तर ते घड्याळ बघत म्हणाले, "पण तिनं जोडणी सोडली होती ना मध्येच? जाऊ द्या. गुण भरलेत." मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. झडप पडली होती. माझ्या डोळ्यांतही काल अशीच पडली असणार.

आता हे थांबवायचं तर एकच वाट होती, आणि ती कुठं जाते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कबूल केलं की पुढचं कुणी ऐकत नाही. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मी मीटर उचलला आणि परीक्षकांसमोर ठेवला. "सर, हा खराब आहे. काल सकाळी मी तो तपासला नव्हता. मुलीनं मला सांगितलं, दुसरा मागितला, मी दिला नाही. चूक माझी आहे, तिची नाही."

सांगलीच्या त्या गृहस्थांनी स्वतः जोडणी केली. त्यांनी टिचकी मारून बघितली. दोनदा, तीनदा. मग गुणांचा तक्ता पुढं ओढला. तो अजून पाकिटात गेला नव्हता. "उद्या शेवटच्या तुकडीत बसवा तिला," म्हणाले.

माझा कायमचा कागद त्या वर्षी पुढं सरकला नाही. पुढच्या वर्षी सरकला. पण तेव्हापासून प्रयोगशाळेत बल्ब उडाला तरी कुणीतरी विचारतंच, "ताई, तपासला होता ना?" आष्ट्यात लग्नकार्याला गेले की भावजी पाहुण्यांना सांगतात, आमच्या वैनींनी कार्बोरेटरचा कसा खेळ केला होता ते. झाकणाचं नाव घेत नाहीत. मी प्रत्येक वेळी पंगतीत उठून झाकणाचं सांगते. लोक हसतात. मी सांगायचं सोडणार नाही.

तिसऱ्या दिवशी प्राजक्ताला मी नवा मीटर दिला, तिच्यासमोर तपासून. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पंधरा मिनिटांत सुई मधोमध आली. तिनं वाचन घेतलं, उलटसुलट करून पुन्हा घेतलं, तक्ता भरला, दिला. मी दारात उभी होते. मला वाटलं होतं, ती आभार मानेल. खरंच वाटलं होतं.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. वर्गात पुस्तकी बोलणारी ती पोर एकदम तिच्या गावच्या बोलीत उसळली.

"मी सांगत हुते न्हवं तुमास्नी! दोनदा सांगितलं! तुमी ऐकूनच घेतलं न्हाई!"

डोळे भरलेले, मुठी आवळलेल्या. मागं सर "ए, ए" करायला लागले. मी त्यांना हातानं थांबवलं.

"व्हय," मी म्हणाले. "सांगत होतीस. बोल, काय काय झालं होतं?"

आणि ती सांगायला लागली. सुई पहिल्यांदा कुठं अडकली, मग तारा तिनं का सोडल्या, मी पाठ फिरवली तेव्हा तिच्या हातात काय होतं, बाहेर गेल्यावर आईला फोन करून ती काय बोलली. घंटा वाजली, शाळा सुटली, पोरं आमच्या कडेनं वाट काढत गेली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.